यंदा उन्हाळा झाला असे धरायचे का? (आणि अर्धवट वाळलेल्या कुरडयांचे काय करावे?)

सोऱ्या (पुणे), १ जून २०२५

नमस्कार. प्रश्न थोडा विचित्र वाटेल, पण गेले चार दिवस घरात त्यावरून खरोखरचा वाद चालू आहे, म्हणून येथे मांडते.

आमच्याकडे वाळवणाच्या प्रत्येक डब्यावर सासूबाई चिठ्ठी चिकटवतात. पदार्थाचे नाव, पुढे 'उन्हाळा' आणि साल. 'कुरडया, उन्हाळा २०२४', 'सांडगे, उन्हाळा २०२३' अशा चिठ्ठ्या माळ्यावर रांगेने दिसतात. यंदा कुरडयांचा डबा जेमतेम एक तृतीयांश भरला असून त्यांनी चिठ्ठी लिहायला साफ नकार दिला आहे. उन्हाळा झालाच नाही तर मी खोटे कशाला लिहू, असे त्यांचे म्हणणे. सासऱ्यांच्या मते मार्च, एप्रिल आणि मे हे महिने भिंतीवरच्या कॅलेंडरातून फाडून झाले आहेत, त्या अर्थी उन्हाळा झाला. सहावीतल्या मुलाने भूगोलाची वही आणून 'फेब्रुवारी ते मे' असे वाचून दाखवले, तेव्हा त्याला दोघांनीही गप्प केले.

झाले ते असे. १७ मेच्या शनिवारी आम्ही कुरडयांसाठी चार किलो गहू भिजत घातले. मेच्या पहिल्या पंधरवड्यात सरी येऊन गेल्याच होत्या, त्यामुळे वळीव आता संपला असेल, हा आमचा हिशेब. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना ठाऊक असेल, की गहू एकदा भिजले की परतीची वाट नसते. रोज पाणी बदलायचे, तीन दिवसांनी वाटून, पिळून चीक काढायचा, तो रात्रभर निवळत ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वरचे पाणी ओतून शिजवायचा. २० तारखेच्या संध्याकाळी चीक पातेल्यात निवळत होता आणि बाहेर पन्हाळी भरून वाहत होत्या. पहाटे शिजवण्याला पर्याय नव्हता, म्हणून शिजवला, सोऱ्याने घातल्या आणि दहाच्या सुमारास ऊन पडलेले पाहून प्लास्टिकचे कागद गच्चीवर नेले. दुपारी दोनला परत आभाळ. धावपळीत एक कागद तिथेच राहिला, तो वाऱ्याने गुंडाळला जाऊन गच्चीच्या पाणी जाण्याच्या भोकावर बसला आणि तासाभरात गच्चीचे तळे होऊन पाणी जिन्यातून खाली आले. जिन्याखाली वर्षाच्या गव्हाची कोठी आहे. गच्चीचे वॉटरप्रूफिंग २५ मेला सुरू व्हायचे होते, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही.

बाकीच्या कुरडया दिवाणखान्यात पंख्याखाली पसरल्या. रात्री वीज गेली आणि मेणबत्ती शोधायला उठलेले आमचे चिरंजीव त्यांवरून चालत स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले. उरल्या त्या वरून कडक, पण उलटल्या तर खालून ओलसर; काहींना आंबूस वास येतो आणि काहींवर बारीक काळे ठिपके आहेत. एप्रिलमध्ये घेतलेल्या कूलरच्या टाकीत आता डास आहेत. मेच्या उत्तरार्धात माठातले पाणीसुद्धा गार होत नव्हते, त्याचे कारण मला कळलेले नाही.

म्हणून दोन प्रश्न. ऋतू झाला की नाही हे शेवटी कशावरून ठरवायचे? आणि या कुरडया वाचतील का?

पापडखार, १ जून २०२५

डबा एक तृतीयांश भरला असेल तर 'उन्हाळा १/३, २०२५' असे लिहावे, म्हणजे कोणाशीच खोटे बोलल्यासारखे होणार नाही. आमच्या उडदाच्या पापडांचे मात्र फारसे बिघडले नाही, कारण ते तसेही सावलीतच वाळवतात. त्यामुळे आमच्या घरातला उन्हाळा तुमच्यापेक्षा बरा झाला, असे म्हणायला हरकत नसावी.

आगोट (राजापूर), २ जून २०२५

ताई, आधी कुरडयांचे सांगतो, कारण ते थांबणार नाही. ज्यांवर ठिपके आहेत त्या फेकून द्या. पुसून किंवा तळून बुरशी जाते असे म्हणणारे भेटतील, त्यांचे ऐकू नका. नुसता आंबूस वास असलेल्या ओव्हन असल्यास अगदी मंद, साठ-सत्तर अंशांवर, दार किंचित किलकिले ठेवून वाळवा. नसल्यास एसीच्या खोलीत जाळीवर पसरून वरून पंखा लावा. प्लास्टिकच्या कागदावर खालची बाजू वाळणारच नाही, कारण ओल निघायला तिथे वाटच नाही. आमच्याकडे याच कारणासाठी सुपे आणि चटया वापरतात.

आता ऋतूचे. आमच्या बाजूला उन्हाळा म्हणजे कामांची यादी, आणि तिला शेवटची तारीख असते. पाऊस लागण्याआधीची सगळी बेगमी म्हणजे आगोट. लाकडे फोडून पडवीत रचायची, खळ्यातला मांडव उतरवून त्याचे वासे आत घ्यायचे, पश्चिमेच्या भिंतीला झापांच्या झड्या बांधायच्या, सुकी मासळी, मीठ, कांदे भरून ठेवायचे आणि कौले पाहायची. माझ्या लहानपणी घरावर नळे, म्हणजे अर्धगोल देशी कौले होती, तेव्हा दर मे महिन्यात ती सगळी परतावी लागत. आता मंगलोरी कौले आहेत, पण माकडे वर्षभर फोडतात ती बदलण्याचे काम मेमध्येच होते. ही कामे झाली की आमचा उन्हाळा संपला, मग पाऊस ५ जूनला लागो की १५ जूनला. यंदा यादी अर्धी असतानाच वरून पाणी सुरू झाले. २४ मे रोजी तो अरबी समुद्रातला कमी दाब रत्नागिरीच्या आसपास किनाऱ्यावर आला, त्या रात्री आमच्या माजघरात दोन घमेली, एक कळशी आणि पुतण्याचा एक टब एवढी भांडी गळक्या जागांखाली होती. झोपेत मी त्यातल्याच एका घमेल्यात पाय घातला. मांडव अजून खळ्यात उभा होता आणि त्याखाली आमसुले.

आमसुलांचे जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या सासूबाईंना ते पटेल. रातांबा, म्हणजे कोकमाचे फळ, फोडून बिया काढायच्या, रसात मीठ घालून त्यात साले बुडवायची, मग उन्हात वाळवायची, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. याला पुटे देणे म्हणतात आणि सात पुटे दिली की साल काळीभोर होऊन वर्षभर टिकते. म्हणजे एका आमसुलाला सलग किती दिवस कडक ऊन लागते ते पाहा. आमची यंदा तिसऱ्या पुटावर अडकली आणि त्यांचा रंग अजून लालच आहे. झाडाखाली पडलेले रातांबे सडून गेले. हाती लागले त्यांचे शेवटी आगळ, म्हणजे खारवलेला रस केला, कारण आगळाला मीठ पुरते, ऊन लागत नाही. दरवर्षी आमच्याकडे आमसुलांचा डबा मोठा आणि आगळाच्या बाटल्या चार. यंदा बाटल्या एकोणीस.

भाताचेही तेच. रोहिणी नक्षत्रात कोरड्या जमिनीवर धूळवाफ्याची पेरणी करतात, ती यंदा चिखलामुळे साधली नाही आणि शेजाऱ्यांनी मोड आणलेले बियाणे टाकून रहू केली. त्यामुळे सासूबाईंचे म्हणणे मला बरोबर वाटते. ज्या ऋतूत त्या ऋतूचे काम होत नाही, तो झाला असे आमच्याकडे कोणी म्हणणार नाही.

पर्जन्यमापक (ठाणे), ३ जून २०२५

हवामानखात्याच्या हिशेबात तीन नव्हे, चार ऋतू आहेत: जानेवारी आणि फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे मान्सूनपूर्व काळ, जून ते सप्टेंबर नैऋत्य मान्सून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर मान्सूनोत्तर काळ. 'उन्हाळा' ज्याला आपण म्हणतो त्याचे सरकारी नावच मुळात पुढच्या ऋतूवरून पडलेले आहे. हे रकाने आकडेवारीच्या सोयीसाठी आहेत आणि त्यातून यंदा मोठी गंमत झाली आहे. मान्सून केरळात २४ मे रोजी आला, जो सर्वसाधारणपणे १ जूनला येतो, आणि २६ मे रोजी मुंबई व पुण्यात पोहोचला. मुंबईची सरासरी तारीख ११ जून आहे आणि याआधीचा सर्वांत लवकरचा दिवस होता २९ मे, साल १९५६. कुलाब्याचा मे महिन्यातल्या पावसाचा १९१८ सालापासूनचा विक्रमही यंदा मोडला. तरीही मोसमी पावसाची मोजणी १ जूनपासूनच होत असल्यामुळे २६ ते ३१ मे या काळात पडलेले सगळे पाणी वहीत मान्सूनपूर्व पाऊस म्हणून गेले. म्हणजे मान्सून आला आहे, असे खात्यानेच जाहीर केल्यावर पडलेला पाऊस त्याच खात्याच्या हिशेबात 'उन्हाळी' ठरला. उलट फेब्रुवारीच्या अखेरीस मुंबईत पारा ३८ अंशांच्या पुढे गेला आणि उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला, ती गरमी हिवाळ्याच्या खात्यावर जमा आहे. तुमच्या सासऱ्यांची बाजू घ्यायची तर हे सगळे मान्य करावे लागेल.

मान्सून आल्याचे ठरवताना मात्र खाते तारीख पाहत नाही, ही बाजूही सांगायला हवी. १० मेनंतर केव्हाही केरळ, लक्षद्वीप आणि मंगळूर या भागातल्या ठरलेल्या १४ केंद्रांपैकी किमान ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस व्हावा लागतो. तेवढ्याने भागत नाही. पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांचा थर पुरेसा जाड आणि वेगवान असावा लागतो आणि ढगांचे आच्छादनही पुरेसे लागते, ज्याचा अंदाज पृथ्वीकडून अवकाशात जाणाऱ्या, उपग्रहाने मोजलेल्या उष्णतेवरून करतात. म्हणजे मुळात हा वाऱ्याचा ऋतू आहे आणि पाऊस त्याच्यासोबत येतो. वळीव ओळखायला उपकरण लागत नाही: तो दिवसभराच्या तापानंतर दुपार उलटल्यावर येतो, आधी धूळ उडवतो, विजा पाडतो, तासाभरात जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन. मोसमी पाऊस पश्चिमेकडून, फारसा गडगडाट न करता, दिवस-रात्र न पाहता येतो. २० तारखेला तुमच्याकडे पन्हाळी भरल्या तो अजून मान्सून नव्हता, पण अरबी समुद्रावरून बाष्प इतके येत होते, की वळवाने वळवासारखे वागणे सोडून दिले होते.

माठाचे उत्तर त्यातच आहे. माठ पाझरतो, पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. हवेतच बाष्प भरलेले असेल तर पाणी उडत नाही, नुसते ओघळते. कूलरही याच तत्त्वावर चालतो आणि कुरडयाही याच तत्त्वावर वाळतात. कुरडयांना नुसती गरमी पुरत नाही, कोरडी हवा लागते. मुंबईत मेमध्ये घामाने भिजूनही वाळवण नीट होत नाही ते म्हणूनच.

एक अवांतर. पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पडत नाही. असाच तो जुलैच्या शेवटी पुन्हा एकदा येतो. सूर्याला विचारले तर मे आणि जुलै त्याला सारखेच, पण मध्ये ढग येतात म्हणून दुसऱ्या वेळेला आपण उन्हाळा म्हणत नाही.

नवतपा (नागपूर), ३ जून २०२५

क्षमा असावी, पण पुण्या-मुंबईला उन्हाळा झाला नाही म्हणजे महाराष्ट्रात झाला नाही, हे धरून चाललेले बोलणे वाचून राहवले नाही. एप्रिलमध्ये आमच्याकडे आणि चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४४-४५ पर्यंत गेला होता. कूलरचे वाळ्याचे ताटे मी मार्च संपायच्या आतच बदलले होते आणि दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रे दिसत नव्हते. त्या काळात आमच्या आईच्या सगळ्या कुरडया, सरगुंडे, मूगवड्या एकेका दिवसात खडखडीत वाळल्या. उन्हाळा झाला आणि पुरेपूर झाला. तुम्ही गहू भिजवायला मेची वाट का पाहिली, हा खरा प्रश्न आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. आमच्याकडे उन्हाळ्याचे शिखर म्हणजे नवतपा, सूर्य रोहिणीत गेल्यापासूनचे नऊ दिवस, साधारण २५ मे ते २ जून. हे नऊ दिवस तापले तर पुढे पाऊस चांगला, अशी समजूत आहे. यंदा नवतप्यात आम्ही रात्री कूलर बंद करून चादर घेतली. वडील रोज सकाळी वर्तमानपत्रातला कमाल तापमानाचा आकडा वाचून कागद बाजूला ठेवत होते, काही न बोलता. त्यांची फसवणूक झाल्यासारखा चेहरा होता.

तिथीवार, ४ जून २०२५

पंचांगाने पाहिले तर सगळेच चुकतात. शास्त्राप्रमाणे चैत्र-वैशाख वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म आणि श्रावण-भाद्रपद वर्षा. यंदा वैशाख अमावास्या २७ मे रोजी झाली, म्हणजे २६ तारखेला तुमच्या दारात मान्सून उभा राहिला तेव्हा कागदोपत्री ग्रीष्म सुरूही झाला नव्हता आणि ताईंच्या कुरडया वसंत ऋतूत भिजल्या. हे कोणी गांभीर्याने घ्यावे असे मी म्हणत नाही. चांद्र महिने अधिक मासापर्यंत दरवर्षी अकरा दिवस मागे सरकतात, त्यामुळे शेतीसाठी ते कधीच पुरले नाहीत.

म्हणूनच शेतकऱ्याने ऋतू तिथीवर न बांधता सूर्याच्या नक्षत्रावर बांधला. सत्तावीस नक्षत्रे, प्रत्येकात सूर्य तेरा-चौदा दिवस: २५ मेला रोहिणी, ७-८ जूनला मृग, २१-२२ जूनला आर्द्रा. पंचांगात नक्षत्राचे वाहन बेडूक किंवा म्हैस निघाले की आजोबा खूश असत. मात्र या नक्षत्रांच्या तारखाही स्थिर नाहीत. पृथ्वीच्या आसाच्या संथ भ्रमणामुळे त्या ऋतूंच्या तुलनेत साधारण ७२ वर्षांना एक दिवस पुढे जातात, म्हणजे हजार वर्षांपूर्वीचा मृग आजच्या मानाने रोहिणीतच लागत असे. तेव्हा यंदाचा पाऊस लवकर आला की आपली नक्षत्रे उशिरा चालली आहेत, असा प्रश्न कोणी केला तर मी हसणार नाही, पण लगेच उत्तर देतो: दोन आठवडे हजार वर्षांत सरकतात, यंदाचे दोन आठवडे एका वर्षात आले. सरकारने २२ मार्च १९५७ पासून एक राष्ट्रीय सौर दिनदर्शिकाही लागू केली आहे, तिचे महिने विषुवदिनाला घट्ट बांधलेले आहेत आणि म्हणून सरकत नाहीत. ती आकाशवाणीवर ऐकू येते. पेरणी तिच्यावरून करणारा माणूस मला भेटलेला नाही.

आगोट (राजापूर), ४ जून २०२५

तिथीवार काका, समुद्राचा पावसाळा मात्र आमच्याकडे सरकारी तारखेनेच लागतो. १ जूनपासून मासेमारी बंद, मग वारा असो वा नसो. यंदा वादळाच्या इशाऱ्यामुळे होड्या आठवडाभर आधीच किनाऱ्याला ओढल्या गेल्या, आणि आता बंदी सुरू झाल्यावर समुद्र तळ्यासारखा शांत आहे.

सोऱ्या (पुणे), १० जून २०२५

सर्वांचे मनापासून आभार. नागपूरकर दादांचा प्रश्न सासूबाईंना वाचून दाखवला. मार्चमध्ये मुलाची परीक्षा आणि एप्रिलमध्ये भाचीचे लग्न, असे उत्तर त्यांनी द्यायला सांगितले आहे, आणि पुढच्या वर्षी गहू होळीनंतर भिजतील हेही कळवायला सांगितले आहे.

ठिपकेवाल्या कुरडया टाकल्या. त्या वजनाने निम्म्याहून अधिक भरल्या, ते लिहिताना अजून वाईट वाटते. गच्चीच्या भोकावर आता जाळी बसवली आहे. कोठीतले वरचे गहू कोरडे निघाले, तळाचे दहा-बारा किलो भिजले होते, ते लगेच चाळणीत निथळून, भाजून त्यांचे सातूचे पीठ केले. वॉटरप्रूफिंगवाले आता दसऱ्यानंतर येतो म्हणतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस मागे हटला हे आपण पाहिलेच असेल. कृषिखात्यानेही पेरणीची घाई करू नका असे सांगितले. इथे चार दिवस असे ऊन पडले, की मी उरलेल्या कुरडया सुपांत घालून पुन्हा गच्चीवर नेल्या, आणि रविवारी, म्हणजे सूर्य मृगात गेला त्याच दिवशी, त्या हातात घेतल्या तेव्हा खुळखुळल्या. दोन तळून पाहिल्या. फुलल्या छान, आंबूसपणा किंचित आहे, पण शेंगदाण्याच्या चटणीबरोबर मुलाने दोन्ही खाल्ल्या आणि काही बोलला नाही.

आज वटपौर्णिमेची पूजा आटोपून आल्यावर सासूबाईंनी चष्मा लावून चिठ्ठी लिहिली. तिच्यावर 'कुरडया, मृग २०२५' असे आहे. सासऱ्यांनी ती वाचली आणि कंसात 'मे' लिहायचे राहिले, असे म्हणून पेन मागितले. पेन अजून त्यांना मिळालेले नाही.